सायकलीच्या बाईची पोथी

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला आणि पोथी माझ्या गळ्यात पडली.

सकाळची शिफ्ट करून विमानतळावरून आले. आठ तास चौकशीच्या खिडकीत उभी. लोक एकच विचारतात — टॉयलेट कुठे, टॅक्सी कुठे. पाय सुजलेले, बूटही काढले नव्हते, तेवढ्यात आई दारातच म्हणाली, गंगाकाकीनं बोलावलंय.

गंगाकाकी म्हणजे आमच्या वाड्यावरचं, या वस्तीतलं शेवटचं घर. दर श्रावणात संध्याकाळी तिच्याकडे पोथी असते. पाट, समई, वाड्यावरच्या बायका, शेवटी द्रोणातून पंचकाजायचा प्रसाद. इतकी वर्षं शेजारची शीतल वाचायची. मे महिन्यात तिचं लग्न झालं, ती फोंड्याला गेली. आता कोण? तर मी. आमच्या घरातली पहिली बी. ए.!

मी म्हटलं, काकी, माझ्या शिफ्टचा भरवसा नसतो. ती म्हणाली, महिनाभर सकाळचीच मागून घे. म्हणजे पहाटे अंधारात उठा, कंपनीची बस पकडा, दुपारी या, संध्याकाळी वाचा. शिकले त्याचा हा उपयोग.

तरी मनातून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

२८ जुलै, सोमवार

आज घोळ घातला.

पोथीचा अध्याय संपला, पंचकाजाय वाटून झालं आणि पाऊस असा कोसळायला लागला की कुणालाच उठता येईना. माझ्या पिशवीतून ते जाड पुस्तक डोकावत होतं. मोरजीला एक दुकानदार परदेशी लोकांची जुनी पुस्तकं ठेवतो, त्याच्याकडून आणलेलं. वेल्समधली एक बाई, पन्नाशीची. नवरा वारल्यावर एकटी सायकलवरून निघते — आपल्या घरापासून दोन खंड ओलांडून थेट पूर्वेकडच्या समुद्रापर्यंत. वरती तिचा सायकलसकट फोटो. तो हातोहात फिरला. एकीनं विचारलं, हा बाप्या की बाई? केस बारीक कापलेत म्हणून.

वाच, वाच — सगळ्या म्हणाल्या. पुस्तक इंग्रजी. मी तोंडानंच मराठी करत दोन पानं वाचली. बाई कुलूप लावते, किल्ली शेजारणीकडे देते, सायकलवर चढते आणि पहिल्याच वळणावर पडते. सगळ्या हसल्या. पाऊस कमी झाला, मी पुस्तक मिटलं आणि उठले.

गंगाकाकी म्हणाली, बस.

समईसमोर पाटावर ठेवून जे उघडलं ते श्रावण संपायच्या आत पुरं करायचं. मध्ये दिवस चुकवायचा नाही, पान गाळायचं नाही. हा नेम. मी समजावलं, काकी, ही पोथी नव्हे, हे प्रवासवर्णन आहे. सायकलीचं पुस्तक.

"ती बाय घरांतल्यान भायर सरली मगे? मग तिका वाटेर सोडून तूं जेवूंक वतली?"

बाईला वाटेत कसं सोडायचं, म्हणून बाकीच्यांनीही माना डोलावल्या. काकीनं पुस्तकावर चार अक्षता टाकल्या. संपलं.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. शिफ्ट. बसमध्ये सहा पानं वाचून पेन्सिलीनं कडेला मराठी शब्द लिहिले. डोळे मिटतात. आधी सगळं पुस्तक वाचून काढायला वेळच नाही — रोजच्या वाचनापुरतं पुढे जायचं, बस्स.

३१ जुलै, गुरुवार

वहिनीसाठी नोकरी सापडली!

पेडण्याला एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात मदतनीस हवी आहे. बारावी झालेली चालेल. माझ्याबरोबर खिडकीत असते त्या सुविधाकडून कळलं. मी तिथूनच फोन लावला, वहिनीचं नाव सांगितलं — गौरवी, बारावी पास, माहेर दोडामार्गाकडे, स्वभावानं शांत. डॉक्टरबाई म्हणाल्या, गणपतीची चवथ झाली की येऊ द्या. मी हो म्हणून टाकलं.

वहिनी आमच्याकडे येऊन तीन वर्षं झाली. बारावीला चांगले मार्क होते तिचे. त्या मार्कांचं काय झालं? चूल. मला हे बघवत नाही. मी शिकले ती बाबांच्या हट्टामुळे, बाबा गेले, आता घरात कुणासाठी हट्ट करणारं माणूस मीच.

घरी सांगितलं. आईचा चेहरा पडला. दादा जेवत होता. दादा टॅक्सी चालवतो, त्याचं जाणं-येणं विमानांच्या वेळेवर. तो म्हणाला, सकाळी सातला पोचायचं, त्या वेळी बस नाही, मी सोडू शकत नाही — कशी जाणार? मी म्हटलं, सायकल! माझी हायस्कूलची सायकल घरामागच्या मांगरात पडून आहे. दादा हसला. तिला येते कुठं सायकल? म्हटलं, मी शिकवीन.

वहिनी भाजी वाढत होती. काही बोलली नाही. म्हणजे होच.

२ ऑगस्ट, शनिवार

पुस्तक रंगात आलंय. आता गंमत अशी की पोथीचा अध्याय जरा लांबला तर बायका चुळबुळ करतात. बाय कुठं पोचली ते ऐकायचं असतं. 'सायकलीची बाय' — हेच तिचं नाव पडलं. पुस्तकातलं नाव मी दोनदा सांगितलं, कुणी घेतलं नाही.

प्रश्न मात्र भलतेच. तिच्या मागं घरात दिवा कोण लावतो? परसातल्या कोंबड्यांचं काय केलं? रात्री परक्या गावात झोपते तर दाराला आतून कडी आहे ना? मी सांगते, पुस्तकात नाही ते. मग काकी म्हणते, नीट बघ, असेल.

सगुणकाका — काकीचे यजमान — बाहेर सोप्यावर बसलेले असतात. पाठ आमच्याकडे. बायकांचं आपण ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. आज मी जाताना हळूच म्हणाले, "काल तो टायर फुटला तो बदललान की ठिगळ लावलान?"

वहिनीही येते. मागं भिंतीला टेकून बसते. रोज एकच विचारते, "ती दमणा नाय काय गो?" मी सांगते, दमते, पण पुढं जाते. तेच तर पुस्तक आहे!

४ ऑगस्ट, सोमवार

शाळा सुटल्यावर मैदान मोकळं असतं. मी कॅरिअर धरून धावते, वहिनी वर. साडी नको म्हटलं, माझा जुना पंजाबी ड्रेस घातला तिनं. दोनदा पडली. तिसऱ्यांदा चिखलात पडली ती उठलीच नाही लवकर. कोपर सोललं. म्हणाली, उद्या राहू दे काय? मी म्हटलं, उद्या राहिलं की परवा राहतं. बाय पहिल्याच वळणावर पडली होती, आठवतं ना?

उठली. परत चढली.

घरी जाताना वाड्यावरचा रिकामटेकडा बाबली दुकानाच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, सर्कशीत भरती चालू आहे वाटतं! मी त्याच्याकडे असं बघितलं की तो सुपारी कातरायला लागला. वहिनी मात्र मान खाली घालून चालत होती. मी म्हटलं, अशा लोकांकडे लक्ष द्यायचं नाही. तिनं मान हलवली. घरी पोचल्यावर कोपराला हळद लावली आणि चुलीकडे गेली. मी आडवी झाले ती पोथीच्या वेळीच उठले.

६ ऑगस्ट, बुधवार

आई देवळात कौल घ्यायला गेली होती! मला न विचारता. वहिनीनं नोकरीला जावं की न जावं — देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर जा, डावी पडली तर नको.

पडलीच नाही. उजवी नाही, डावी नाही. आई तासभर हात जोडून बसली. शेवटी गुरव म्हणाला, देवाला सांगायचं नाही, पुन्हा केव्हा तरी या.

मला हसू आलं आणि रागही आला. बाईच्या नोकरीचं पाकळीनं ठरवायचं? मी आईशी भांडले. आई म्हणाली, मी कुणाला विचारू मग? तुला? तू तर फोनवर हो म्हणून मोकळी झालीस.

मी दार लोटून झोपायला गेले. दमले होते म्हणून.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज वाचनानंतर आईनं पाकळीची गोष्ट काढली. सगळ्या गंभीर झाल्या. आणि गंगाकाकी म्हणाली — पोथीसमोर दुसरा कौल कशाला? पुस्तक समईसमोर आहे, अक्षता पडल्यात, नेम चालू आहे. सायकलीची बाय समुद्राला पोचली तर गौरवीनं जायचं. नाही पोचली तर नाही.

सगळ्यांना हे एकदम पटलं. आईलासुद्धा! कालपासून प्रथमच तिचा चेहरा सैल झाला. माझ्याकडे बघून काकीनं विचारलं, तुला मान्य?

मी हो म्हटलं.

का म्हटलं? कारण मला ठाऊक आहे, अशी पुस्तकं न पोचलेले लोक लिहीत नाहीत. मुखपृष्ठावर बाई हसतेय. मागच्या बाजूला छापलंय, 'एका स्त्रीची समुद्रापर्यंतची वाट'. पाकळीपेक्षा हा कौल मला बरा. आणि यात आईची समजूत पटते, भांडण न होता. दादालाही सांगितलं. तो म्हणाला, चालेल, पोचली तर मी ब्रेक नवे घालून देतो, नाही पोचली तर विषय पुन्हा काढायचा नाही. शब्द दे. दिला.

वहिनीला विचारलं, तुला चालेल ना? ती म्हणाली, "तुमी सगळ्यांनी ठरवलात मां."

१० ऑगस्ट, रविवार

शिफ्ट, बस, मैदान, पोथी. पुन्हा शिफ्ट. आज खिडकीत उभ्या उभ्या डुलकी लागली. एक बाई म्हणाली, एक्स्क्यूज मी. मी तिला मराठीत म्हटलं, पान गाळायचं नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

वहिनीला तोल सांभाळता यायला लागला! मी कॅरिअर सोडलं, तिला कळलंच नाही, मैदानाच्या टोकापर्यंत गेली. मी ओरडले. तिनं मागं वळून बघितलं आणि पडली. पण त्याआधीचं ते जाणं! ओढणी मागं उडत होती. मला रडू आलं.

तिला विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, बरां वाटलां. मग म्हणाली, हय मैदानातच फिरायचां असता तर बरां होता. मी म्हटलं, मैदान कशाला, सगळा रस्ता तुझाच आहे.

छान वाक्य सुचलं म्हणून इथं लिहून ठेवते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आजच्या वाचनात भलताच प्रसंग. बसमध्ये वाचतानाच लक्षात आलं होतं — बाईला सीटवर बसून बसून बसायच्या जागी फोड आलेत, त्याचं अगदी सविस्तर वर्णन. बाहेर सगुणकाका! मी गुपचूप दोन पानं एकदम उलटली. काकीचे डोळे अधू, पण कान तिखट. म्हणाली, पान परतल्याचा आवाज जाड आला.

कबूल केलं. कानात सांगितलं. काकीनं तिथूनच हाक मारली, अहो, कोंबड्या झाकल्या का बघून या. काका म्हणाले, कधीच्या झाकल्या. काकी म्हणाली, मग सोडा आणि परत झाका. काका उठून गेले.

मग मी वाचलं. बायका हसून हसून लोळल्या. कितीतरी दिवसांनी आईला असं हसताना बघितलं, पदर तोंडात कोंबून. एक म्हणाली, भात लावताना कंबरेचं होतं तसंच हे, फक्त जागा वेगळी.

वहिनी हसली नाही. म्हणाली, "मग तरी ती थांबली नाय?"

"नाही. मलम लावलं आणि निघाली."

"दुसऱ्या दिवशीच?"

"दुसऱ्या दिवशीच."

ती समईकडे बघत राहिली. मनात साठवत असणार.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी नाही. उलट गर्दी जास्त. वहिनीनं डब्यात घावणे दिले होते, ते उभ्यानंच खाल्ले.

१७ ऑगस्ट, रविवार

ती पोचत नाही.

आज बस बंद पडली, रस्त्याच्या कडेला तासभर बसलो, म्हणून पुढं पुढं वाचत गेले. अगदी शेवटापर्यंत. डोंगर ओलांडते, वाळवंटाची कड धरून जाते, आणि मग एका लहानशा स्टेशनात येते. धूळ, एक बाकडं, एक चहावाला. समुद्र अजून पुष्कळ लांब. बाकड्यावर बसून चहा पिते. आणि लिहिते — मी आजारी नव्हते. कुणी अडवलं नव्हतं. पैसे होते, वाट होती. मला आणखी पायडल मारायचं नव्हतं, एवढंच.

सायकल भिंतीला टेकवून ठेवते. परतीच्या गाडीत बसते. झोपते. पुस्तक संपलं.

मी पानं पुन्हा पुन्हा उलटली. पुढं काही आभार वगैरे, मग कोरं पान. 'समुद्रापर्यंतची वाट' म्हणे! वाट समुद्रापर्यंत जाते, ही बया गेली असं कुठं छापलंय?

इतका राग आला की पुस्तक बसच्या खिडकीतून टाकावंसं वाटलं. एवढं सोसलंस. फोड सोसलेस, कुत्री सोसलीस, बर्फ सोसलास — आणि नुसती दमलीस म्हणून परत? मग लिहिलंस कशाला?

संध्याकाळी डोंगराचं प्रकरण वाचलं. आवाज माझाच मला वेगळा लागत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

कुणाला सांगितलं नाही. मैदानावर वहिनी न पडता पाच-सहा फेऱ्या मारते.

२० ऑगस्ट, बुधवार

काय करू?

खरं तेच वाचायचं. मी शिकलेली आहे. इंग्रजी फक्त मलाच येतं म्हणून या सगळ्या डोळे झाकून माझ्या तोंडाकडे बघतात. त्यांना फसवायचं? कॉलेजात मी भाषण केलं होतं — खरं बोलण्याचं धाडस, वगैरे. कप मिळाला होता. अजून मेजावर आहे.

पण खरं वाचलं तर काय होईल? काकी पुस्तक मिटेल. आई म्हणेल, देवानं सांगितलं. दादा म्हणेल, शब्द दिला होतास. आणि वहिनी जन्मभर चुलीपाशी. एका परक्या बाईला एका दुपारी कंटाळा आला म्हणून!

आज दादाशी गोष्ट काढून बघितली. म्हटलं, समज बाय नाही पोचली, तरी वहिनीला सायकल येतेय आता, जाऊ दे ना. दादा म्हणाला, तूच मान्य केलंस. तेव्हा पाकळीला हसत होतीस, आता तुझं पुस्तक उलटं पडलं की काय? मी म्हटलं, छे, उगीच विचारलं.

म्हणजे पहिलं खोटं आजच बोलून झालं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

वहिनीला सांगायचं ठरवून स्वयंपाकघरात गेले. ती नारळ किसत होती. चवथीची तयारी आतापासूनच. एका बाजूला भात, एका बाजूला उद्याच्या माझ्या डब्याची उसळ भिजत. मी दाराशी उभी राहिले. ती म्हणाली, चाय व्हयी?

हो म्हटलं. तिनं खोबऱ्याचे हात धुतले, चहा केला. मी प्याले. सांगितलं नाही. तिला कळलं तर ती घाबरेल, खोटं तिच्या तोंडावर दिसेल. हे माझं मलाच वाहू दे.

"बाय उद्या पोचतली मां?" तिनं विचारलं.

उद्याच कळेल, असं म्हणून कप ठेवून आले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

झालं.

सकाळी बसमध्ये समुद्राचं प्रकरण लिहिलं. ते कागद पुस्तकाच्या मागच्या पानांत घालून ठेवले, म्हणजे वाचताना पानं उलटल्यासारखी दिसतील. समुद्र कसा लिहायचा? मी जवळून बघितलेला समुद्र मोरजीचाच. तोच लिहिला. बाई शेवटची टेकडी चढते, सुरूची झाडं लागतात, वाळूत चाक रुततं, ती सायकल हातात धरून ओढत नेते आणि पाण्यात पाय घालून उभी राहते. 'मी दमले नव्हते,' असंही एक वाक्य घातलं.

आज घर भरलेलं. वरच्या वाड्यावरच्या बायकासुद्धा आल्या होत्या. सगुणकाका आज उघडउघड दारात बसले, कोंबड्यांना कुणी विचारलं नाही. दादासुद्धा येऊन अंगणात उभा होता.

ते छोटं स्टेशन आलं. बाई बाकड्यावर बसली, तिनं चहा घेतला. मी पुढचा कागद चाचपला. काकीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी प्याले आणि वाचलं — 'चहा संपवून मी पुन्हा सायकलवर बसले.'

पुढं सगळं सोपं गेलं. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे माहीत नव्हतं.

समुद्र आला तेव्हा एक-दोघींनी हात जोडले. काकी म्हणाली, अगो, हा तर मोरजीसारखाच समुद्र! मी म्हटलं, समुद्र सगळीकडे सारखाच, काकी. काकांनी नाक शिंकरलं. काकीनं पुस्तकाला फूल वाहिलं, आरती झाली. आईनं स्वतःहून म्हटलं, बरं, जाऊ दे तिला. दादा म्हणाला, उद्या ब्रेक घालतो.

मी वहिनीकडे बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात मांडीत. तिनं डोळे मिटले होते. आनंदानं असणार. मग उठली आणि पंचकाजायचे द्रोण वाटायला लागली.

२४ ऑगस्ट, रविवार

खोटं बोलले. झोप मात्र छान लागते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल चवथ. गणपतीवर टांगायच्या माटोळीला दादानं रानातून फळं-पानं काय काय आणलं. पाहुणे, आरत्या, पुन्हा पाहुणे. मला एकच दिवस सुट्टी मिळाली, तीही झोपण्यात गेली. वहिनीनं नेवऱ्या किती तळल्या देव जाणे. दोन दिवस तिचा चेहराच दिसला नाही, नुसता धूर आणि बांगड्यांचा आवाज. सायकल अंगणात पुसून उभी आहे. नवे ब्रेक, हँडलला छोटी पिशवी. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई दाखवते — आमची सून जाणार सोमवारपासून. अभिमानानं!

त्यासाठी तरी ते खोटं चालेल. चालेल ना?

३१ ऑगस्ट, रविवार

पाच दिवसांचा गणपती पोचवला. डॉक्टरबाईंना फोनवर आठवण करून दिली. उद्या माझी सुट्टी आहे, वहिनीला निरोप द्यायला उभी राहीन. ती मैदानाबाहेर रस्त्यावरही नीट जाते आता. फक्त वाड्याच्या तोंडाशी चढण आहे, तिथं उतरते आणि सायकल ढकलत नेते. मी म्हटलं, सुरुवातीला तसंच करतात.

१ सप्टेंबर, सोमवार

वहिनी गेली.

मी उठले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. भात, आमटी, आईचं पथ्याचं, दादाचा डबा, माझा चहा झाकून ठेवलेला. पूर्वी ती चारला उठायची. आज तीनला उठली, आई म्हणाली.

मी अंगणात गेले. ती पिशवी हँडलला बांधत होती. मी म्हटलं, वहिनी, बायसारखी पोचशील बघ. ती हसली. गाठ बांधता बांधता म्हणाली, "रोज समईकडे बघून मी एकच मागी. ती खंय तरी थांबांदे. ती थांबली असती तर माका नाय म्हणूक गावला असता."

मला काही कळेना. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

"कोणाक? तुका?"

रागावून नाही. सरळ विचारल्यासारखं.

मग सायकलवर बसली. चढणीवर आज उतरली नाही. तशीच पायडल मारत वर गेली.